छाटणी

दुपारी दोनचं ऊन आता थेट ओट्यावर येतं. परवापर्यंत तिथे कडुनिंबाची सावली होती.

अर्ज मीच लिहिला होता. फांद्या विजेच्या तारांना टेकतात, वाऱ्यात ठिणग्या उडतात. त्यात खोटं काही नव्हतं. भीती २०२३ची. त्या ९ एप्रिलला आपल्या जिल्ह्यातल्याच पारसला, बाबूजी महाराज मंदिराच्या आवारात, वादळात जुना कडुनिंब टिनाच्या शेडवर कोसळला. आसऱ्याला थांबलेली सात माणसं गेली. तेव्हापासून वारा सुटला की मी झाडाकडे पाहायचोच नाही, फक्त त्याच्या वजनाकडे.

१९७५च्या कायद्यानुसार शहरात झाड तोडायला वृक्ष प्राधिकरणाची परवानगी लागते. मला तोडायचं नव्हतंच. छाटणी मागितली होती. माणसं आली, दोर बांधले, तासाभरात उतरली. तारा मोकळ्या झाल्या. खोड उभं आहे, वर दोन थोटके हात.

शेजारची माय त्या सावलीत गहू निवडायची. सूप मांडीवर घेऊन वर पाहत राहिली. "आता उन्हायात कुठी बसू म्या?" माझ्याकडे न पाहताच म्हणाली. अर्ज माझा, हे तिला ठाऊक आहे का, कळलं नाही. मीही सांगितलं नाही.

ओट्याच्या फटीत वाळलेला मोहोर अजून आहे. झाडावासा वाटत नाही.

काल रात्री वारा सुटला. सवयीने उठून खिडकीशी गेलो. आवाजच आला नाही.