उचलीची दुसरी नोंद

लक्ष्मीपूजनाला बीडच्या मोंढ्यात नव्या वह्यांवर कुंकवाचं स्वस्तिक उमटतं. त्याच सुमाराला वडवणी, धारूर, पाटोदा, शिरूर कासारच्या वाड्या-तांड्यांवर ट्रकमध्ये संसार चढत असतो : पत्रे, पातेली, शेळी, लेकरं. पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात साखर कारखान्यांची धुराडी पेटायची वेळ झालेली असते. मोंढ्यात वहीची पूजा होते. ट्रकमध्ये बसलेल्या ऊसतोड मजुरांचाही हिशेब कुठल्या तरी वहीत असतो, पण ती वही टोळी नेणाऱ्या मुकादमाच्या खिशात असते.

मी बीडमध्ये पुस्तपालन आणि अर्थशास्त्र शिकवतो. पाठ्यपुस्तकातला पहिला व्यवहार ठरलेला : अमक्याने रोख रक्कम आणून धंदा सुरू केला. माझ्या वर्गातल्या बऱ्याच मुलांच्या घरी रोख येते ती भांडवलाची नसते, उचलीची, म्हणजे मजुरीपोटी आगाऊ घेतलेली असते. म्हणून काही वर्षांपासून मी पहिला तास उचलीवरच घेतो. फळ्यावर लिहितो : 'आई-वडिलांनी मुकादमाकडून 1,00,000 रुपये उचल घेतली. नोंद करा.'

बहुतेक वह्यांत उत्तर येतं : रोख खाते नावे, उत्पन्न खाते जमा. पहिली ओळ बरोबर, दुसरी चूक. चूक मुलांची म्हणता येणार नाही; घरातही 'यंदा लाखाची उचल आली' असंच बोललं जातं. आली खरी, पण कमाई म्हणून नव्हे. अजून एक मोळीही बांधलेली नाही. जमा करायचं ते मुकादमाचं खातं. घरच्या ताळेबंदात ही रक्कम देणं म्हणून बसते आणि मुकादमाच्या ताळेबंदात तीच येणं म्हणून. लुका पाचोली या इटालियन गणितज्ञाचा ग्रंथ 1494 मध्ये व्हेनिसमध्ये छापला गेला. त्यात व्यापाऱ्यांची जी द्विनोंदी पद्धत मांडली आहे, तिचं सार एवढंच : प्रत्येक व्यवहाराला दोन बाजू असतात.

एकदा पाटोद्याकडची एक विद्यार्थिनी घरचा हिशेब घेऊन आली. घरात कागद एकही नव्हता; आईने तोंडी सांगितलेलं तिने लिहून आणलं होतं. तसाच हिशेब मी आता दरवर्षी मांडतो. आकडे सोपे करून घेतलेले आहेत. एक पूर्ण कोयता, म्हणजे नवरा-बायकोची जोडी. रोज 2 टन, 130 दिवस, म्हणजे 260 टन. टनाला 360 रुपये धरले तर मजुरी 93,600. आता दुसरी बाजू. उचल 1,00,000. आठवड्याला 1,000 प्रमाणे 18 आठवड्यांची खर्ची 18,000. आजारपणाचे 8 खाडे, दर खाड्याला 500 दंड, म्हणजे 4,000. एकूण 1,22,000. चार महिन्यांहून जास्त ऊस तोडून अंगावर बाकी 28,400. ही बाकी पुढच्या हंगामात ओढली जाते, आणि त्याच मुकादमाच्या टोळीत परत जायचं कारणही तीच होते.

अर्थशास्त्राचा धडा इथून सुरू होतो. दर कोण ठरवतं? शेतकऱ्याच्या उसाचा किमान दर केंद्र सरकार दर हंगामाला जाहीर करतं. 2024-25 साठी तो क्विंटलला 340 रुपये होता. तोडणीचा दर मजूर संघटना आणि साखर संघ यांच्या वाटाघाटीत ठरतो. जानेवारी 2024 मध्ये त्यात 34 टक्के वाढ ठरली. वाढ मोठी होती, पण दर वाढला म्हणजे बाकी फिटली असं होत नाही. वजन किती भरलं, खाडे किती पडले, खर्ची किती दिली, हे तीनही आकडे लिहिणारा हात एकच असतो. बाजारात एकाच बाजूला माहिती असली की सौदा कुणाच्या बाजूने झुकतो, हे शिकवायला मला परदेशी उदाहरण लागत नाही. मुकादमाचाही धोका असतो. टोळी पळाली की त्याचं येणं बुडतं. तो धोका धरूनच तो वही स्वतःकडे ठेवतो.

काही खर्च कुठल्याच वहीत येत नाहीत. घसारा आम्ही यंत्रावर काढतो, शरीरावर नाही. 2019 मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने जिल्ह्यातल्या 82,309 ऊसतोड महिलांची पाहणी केली. त्यांतल्या 13,861 जणींची गर्भाशयं काढलेली होती. पाळीच्या दिवसांतही खाडा परवडत नाही, या वाक्याची ही दुसरी नोंद. आणि कोपीवर, म्हणजे तळावरच्या झोपडीत, धाकट्यांना सांभाळायला नेलेल्या मुलीची बुडालेली शाळा, हा पुस्तकातला संधीचा खर्च. मुलं व्याख्या पाठ करून येतात. ही दोन उदाहरणं दिली की वर्ग गप्प होतो.

वाणिज्य शाखेच्या मुलांना यंदा एकच सांगणं आहे. घरचे ट्रकमध्ये चढण्याआधी दोन रकान्यांची वही करा. डावीकडे उचल, खर्ची, खाडे. उजवीकडे टन आणि मजुरी. आईला लिहिता येत नसेल तर दर रविवारी फोनवर आकडे विचारून तुम्ही लिहा. वजनाची पावती मागायला सांगा, तिचा फोटो मागवा. हंगाम संपला की आपली वही मुकादमाच्या वहीशेजारी ठेवा.

पाटोद्याच्या त्या मुलीने पुढच्या हंगामात तसं केलं. शेवटी दोन वह्यांत 11 टनांचा फरक निघाला. त्यातले 7 टन मुकादमाने मान्य केले.