लघुशंका

ज्या कोणी या देहधर्माला पहिल्यांदा 'लघुशंका' हे नाव दिले, तो माणूस मोठा जाणता असला पाहिजे. भूक, तहान, झोप यांना आपण सरळ नावाने हाक मारतो. लघवीला जायचे म्हटले की मात्र सभ्य माणसाला शंका येते! शाळेत आम्ही या शब्दाची पुष्कळ थट्टा करीत असू. इतर शंका विचारल्या नाहीत तरी चालत. ही मात्र करंगळी वर करून विचारावीच लागे. संस्कृतात शंका म्हणजे संशय तर खराच, पण भीतीसुद्धा, हे पुढे वाचनात आले. त्या दुसऱ्या अर्थाची प्रचिती यायला मात्र वयाची सदुसष्ट वर्षे जावी लागली.

श्रावणातल्या एका सकाळी माझ्या लघवीचा रंग कोकमाच्या सरबतासारखा दिसला. दुखले नाही, खुपले नाही. पुढच्या वेळी रंग पुन्हा नेहमीसारखा. "काल बाहेर कुठं बीट खाल्लंत का?" पत्नीने विचारले. बीटाने लघवीला असा रंग येतो खरा. पण मी बीट खाल्ले नव्हते. आमचे नेहमीचे डॉक्टर हसतमुख गृहस्थ आहेत. हे ऐकताना ते हसले नाहीत. न दुखता रक्त दिसले, मग ते एकदाच का असेना, की त्याचा छडा लावायचा, असा त्यांच्या शास्त्राचा दंडक आहे. त्यांनी तर्जनीपासून कारणे मोजायला सुरुवात केली. जंतूंचा संसर्ग, खडा, वाढलेली प्रोस्टेट. करंगळीशी येऊन ते क्षणभर थांबले. "आणि एखाद्या वेळी गाठही असते. म्हणून बघायचं." पहिली तीन बोटे मी घरी पोचेपर्यंत विसरलो. करंगळी तेवढी लक्षात राहिली.

मग तपासण्यांची रांग लागली. लघवीतले जंतू पाहायला दोन-तीन दिवस, रक्ताचा अहवाल, सोनोग्राफी आणि शेवटी दुर्बिणीची तपासणी. प्रत्येक तपासणीला काही मिनिटे पुरतात. दोन तपासण्यांमधले दिवस मात्र सरता सरत नाहीत. आजाराला औषध असते, निदान पथ्य तरी असते. वाट पाहण्याला काहीच नाही. माणूस दिवसा चारचौघांत बरा असतो. रात्री दोन वाजता तो एकटा पडतो आणि मग मनाचा छापखाना सुरू होतो. मी दोनला उठे, पावणेतीनला उठे, सव्वातीनला पुन्हा उठे. आणि प्रत्येक खेपेला वाटे, ही गाठच मला उठवते आहे.

सोनोग्राफीची सकाळ मात्र विलक्षण गेली. मूत्राशय भरलेले असल्याखेरीज ते यंत्राला नीट दिसत नाही. म्हणून चार-पाच पेले पाणी पिऊन, तासभर दम धरून बसायचे. बाकावरची बहुतेक मंडळी एकाच संकटात! समोर 'येथे गर्भलिंगनिदान केले जात नाही' ही कायद्याने लावलेली पाटी होती; ती मी तीस वेळा तरी वाचली असेल. शेजारी एसटीचे एक निवृत्त ड्रायव्हर बसले होते. "साहेब, स्वारगेटहून सुटलो की वाईपर्यंत धरून ठेवायचो," ते म्हणाले. "आता घरात बसून दहा मिनिटं निघत नाहीत." पलीकडे एक नवी सून डोळे मिटून बसली होती आणि तिची सासू तिच्या पाठीवरून हात फिरवीत होती. ज्याचे नाव पुकारले जाई त्याच्याकडे आम्ही सारे लॉटरी लागलेल्या माणसाकडे पाहावे तसे पाहत होतो. त्या तासाभरात मला गाठ एकदाही आठवली नाही. देहाला खरीच निकड असली म्हणजे मनाला भ्यायला सवड होत नाही.

सोनोग्राफीत ठळक असे काही दिसले नाही. पण बारीकसारीक गोष्ट तिच्या नजरेतून सुटू शकते. म्हणून दुर्बीण टळली नाही. तिची तारीख सोळा दिवसांनंतरची मिळाली. माझ्या रात्रीच्या फेऱ्या ऐकून मूत्ररोगतज्ज्ञांनी एक तक्ता हाती दिला: तीन दिवस, किती वाजता, किती प्यालात, किती झाली, घाई किती. माप हवे होते. "स्वयंपाकघरातलं नेऊ नका हं!" पत्नीने आधीच बजावले. वीस रुपयांचे प्लास्टिकचे माप आणले आणि मी हिशेबाला बसलो. आयुष्यभर कचेरीत लोकांचे हिशेब लिहिले, आता हा.

तीन दिवसांनी तक्ता पाहिला, तेव्हा मलाच नवल वाटले. दुपारी पुस्तक वाचताना उठलो तेव्हाच्या नोंदी तीनशे, साडेतीनशे मिलिलिटरच्या. रात्री दोन ते चारमधल्या नोंदी मात्र साठ, सत्तर, पन्नास! मोठ्या माणसाचे मूत्राशय चारशे-पाचशे मिलिलिटरपर्यंत सहज सांभाळते. म्हणजे रात्री ते भरलेच नव्हते. मन घाबरले की मूत्राशय भरण्याआधीच भरल्याची वर्दी देते, असे डॉक्टरांनी समजावले. मला उठवीत होती ती लघवी नव्हे, शंका होती. मी तक्त्यात पेन्सिलीने आणखी एक रकाना आखला. जिथे आकडा शंभराच्या खाली, तिथे 'शंका' असे लिहू लागलो. भीती गेली नाही. पण तिला तिचा रकाना मिळाला, आणि ती दुसऱ्यांच्या रकान्यात पसरायची थांबली. काल रात्री असे दोनच शेरे आहेत.

दुर्बिणीविषयीही थोडे वाचले. १८०६ साली जर्मनीतल्या फिलिप बोझिनी नावाच्या डॉक्टराने मेणबत्ती आणि आरसा यांच्या साहाय्याने शरीरात प्रकाश पाडण्याचे एक साधन केले. मेणबत्ती अर्थात बाहेरच राहिली. १८७७ मध्ये माक्सिमिलियन निट्झे याने उलटा विचार केला. खोली उजळायची तर दिवा खोलीतच न्यायला हवा! त्याने विजेने तापून उजळणारी प्लॅटिनमची तार नळीतून थेट मूत्राशयात पोचवली आणि नळी तापू नये म्हणून भोवती पाणी खेळते ठेवले. त्या काळच्या रोग्यांनी काय सोसले असेल, कोण जाणे. आज बधिर करणारी जेली लावून बारीक, लवचीक नळी घालतात. काही मिनिटांचे काम. त्या माणसांनी केले ते इतकेच की अंधाराविषयी तर्क करीत बसण्याऐवजी त्यांनी त्यात दिवा नेला. माझा तक्ता त्याच जातीचा, फार तर एखाद्या पणतीएवढा.

हे लिहितो आहे तेव्हा दुर्बिणीला पाच दिवस उरले आहेत. हा अंक आपल्या हाती पडेल तेव्हा निकाल लागलेला असेल. शंका फिटली असेल, किंवा तिला खरे नाव मिळाले असेल. आणि नाव मिळालेल्या गोष्टीला निदान औषध तरी विचारता येते. तोवर उशाशी पेन्सिल आहे, माप आहे. आज रात्रीचा रकाना अजून कोरा आहे.