नुसते प्रश्नचिन्ह

आमच्या घरातला जुना संगणक माझ्याशी फार तुटक बोलतो. एका विद्यार्थ्याने त्यावर लिनक्स बसवून दिले आणि जाताना सांगितले, "सर, या काळ्या पडद्यावर आज्ञा लिहायची. चुकलं तर तो सांगतो." तो सांगतो हे खरे, पण काय सांगतो हे कळायला दुसऱ्या कुणाला तरी विचारावे लागते!

पहिल्याच दिवशी मी 'नेवासे सहल' या नावाची फाइल मागितली. उत्तर आले, अशी फाइल नाही. फाइल तर समोरच्या यादीत दिसत होती! अर्ध्या तासाच्या शोधाशोधीनंतर उलगडा झाला. मध्ये मोकळी जागा दिसली, की यंत्र त्या दोन शब्दांना दोन वेगळ्या फाइली समजते. नाव अवतरणचिन्हांत घातले आणि फाइल निमूटपणे उघडली. इतकी वर्षे मी मुलांना समास शिकवतो. पण दोन पदे बांधून ठेवली नाहीत तर केवढा घोटाळा होतो, याचे इतके रोकडे उदाहरण मला कधी सापडले नव्हते.

तेव्हापासून या उत्तरांचे अर्थ शोधण्याचा मला नादच लागला. जुन्या युनिक्समध्ये 'हे टंकलेखनयंत्र नव्हे' असे एक उत्तर मिळे. आहे असे म्हटले होते कुणी? शोधल्यावर कळले, की त्या काळी संगणकाशी बोलायला टेलिप्रिंटरसारखी यंत्रे जोडलेली असत. त्यांच्यापुरती असलेली आज्ञा भलतीकडे गेली, की हे उत्तर येई. यंत्रे गेली, शब्द राहिला. विजेचे दिवे आले तरी आमची आई 'दिवाबत्ती झाली का?' असेच विचारते ना!

पण सर्वांत अबोल निघाला तो 'एड'. केन टॉम्सन यांनी १९६९ च्या सुमारास बेल लॅबोरेटरीजमध्ये रचलेला हा मजकूर लिहिण्याचा प्रोग्रॅम. तुम्ही काहीही चुका. तो फक्त एक '?' छापतो. पुढे त्याला 'एच' ही आज्ञा मिळाली. ती दिली, की काय चुकले ते तो एका ओळीत सांगतो. मी मनाशी म्हटले, अशा अबोल गुरूपाशी कोण शिकणार?

आणि एकदम मला पाथर्डीकडची एक विद्यार्थिनी आठवली.

तिचे आईवडील दिवाळीच्या सुमारास ऊसतोडणीला जात. कॉलेजच्या वार्षिक अंकासाठी तिने त्यावर लेख लिहिला होता. त्यात एक वाक्य होते: 'सहा महिन्यांनी परत आलो, तर घर आम्हांला ओळखेना.' कर्ता-कर्माची अदलाबदल झाली असावी, असे मला वाटले. खात्री नव्हती, म्हणून समासात नुसते लाल प्रश्नचिन्ह केले. पक्क्या लेखात ते वाक्य नव्हते. 'परत आलो. घर बंद होते,' एवढेच होते.

अंक छापून झाल्यावर मी सहज विचारले. ती म्हणाली, "तुम्ही खूण केली होती, सर. चुकलं असेल म्हणून काढलं." मग हळूच म्हणाली, "दाराला कोळिष्टकं असतात, आणि आमचंच कुत्रं आमच्यावर भुंकतं."

चूक तिची नव्हती. अज्ञान माझे होते. आणि मला विचारायला तिच्यापाशी 'एच' नव्हते.

ज्ञानेश्वरांनी १२९० साली गीतेच्या ७०० श्लोकांचा अर्थ सुमारे ९००० ओव्यांत उलगडून सांगितला, तो आमच्याच जिल्ह्यातल्या नेवाशात. मी मुलांना सहलीला तिथे नेतो, त्या खांबापुढे हात जोडतो आणि घरी येऊन काय करतो? तर नुसते प्रश्नचिन्ह!

यंदाही दिवाळीच्या सुटीत उत्तरपत्रिकांचा गठ्ठा घरी आला आहे. आता प्रत्येक प्रश्नचिन्हाशेजारी मी एक ओळ लिहितो. वेळ दुप्पट लागतो, फराळाला उशीर होतो, घरची बोलणी खावी लागतात.

तिचे ते वाक्य मी माझ्या वहीत उतरवून ठेवले आहे, जसेच्या तसे.