टाच

आम्ही उभयता गेली वीस वर्षे महाविद्यालयात मराठी शिकवीत आहोत. शब्दांवरच उपजीविका असूनही 'चालणे' या क्रियापदाचा धाक आम्हांला प्रथम जाणवला तो एका शाळेच्या कार्यालयात. मुलगा तेव्हा पाच वर्षांचा होता. स्वमग्नतेचे निदान होऊन दीड वर्ष लोटले होते. आमचे बोलणे चालू असता तो खोलीत चवड्यांवर फेऱ्या घालीत होता. त्याच्याकडे पाहत समोरच्या बाई सौम्यपणे म्हणाल्या, "सर, आमच्याकडे असं चालणार नाही." त्या प्रवेशाविषयी बोलत होत्या की चालीविषयी, हे आम्ही विचारले नाही. घरी येईपर्यंत एकमेकांशीही बोललो नाही.

नुकती चालू लागलेली पुष्कळ मुले काही काळ चवड्यांवर चालतात. दोन-तीन वर्षांपुढेही ते टिकले, तर तपासणी करावी लागते, कारण सेरेब्रल पाल्सी किंवा स्नायूंच्या काही आजारांतही चाल अशीच दिसू शकते. आमच्या मुलाला यांपैकी काही नव्हते. स्वमग्न मुलांमध्ये ही चाल इतरांहून अधिक आढळते. मात्र तिचे सर्वांना लागू पडणारे एकच कारण सांगता येत नाही. कुणाला तळव्याचा स्पर्श नकोसा होत असावा, कुणाला ताणलेल्या पोटरीतला दाब हवासा वाटत असावा. आमच्या घरी दिसे ते एवढेच, की थंड शहाबादी फरशीवर तो टाच टेकवीत नसे आणि ओल्या वाळूत बिनतक्रार टेकवी.

त्या वर्षी गौरी आणताना उंबरठ्यापासून कुंकवाची पावले काढली होती. तो न्हाणीघरातून तसाच ओल्या पायांनी त्यांच्या शेजारून गेला. फरशीवर पाच बोटे आणि अर्धा तळवा उमटला. आजी म्हणाल्या, "अगं, याची पावलं अर्धीच!" आम्ही ऐकून न ऐकल्यासारखे केले. पण त्याची टाच टेकलीच पाहिजे, असा जो हट्ट आम्ही मनाशी धरला, त्यात त्याच्या पायापेक्षा आमची लाज अधिक होती, हे आज कबूल करायला हवे.

फिजिओथेरपिस्ट बाईंनी पहिल्याच भेटीत विचारले, "याची टाच तुम्हांला कशासाठी टेकायला हवी आहे?" आम्ही व्याख्यानासारखे लांबलचक उत्तर दिले. त्यांनी मुलाचा गुडघा सरळ ठेवला आणि पाऊल वर वळवून दाखवले. ते जेमतेम काटकोनापर्यंत येत होते. म्हणाल्या, "लोकांना कसं दिसतं ते तुम्ही बघा. पोटरी आणखी आखडली तर उद्या याला उकिडवं बसता येणार नाही. माझं काम तेवढ्यासाठी."

मग सकाळ-संध्याकाळ पोटऱ्यांना ताण देणे, तिरप्या फळीवर उभे करणे, टाचा टेकवून उकिडवे बसवणे आणि पुढ्यात गोट्या ठेवणे, असा क्रम सुरू झाला. पुढे सहा आठवडे प्लास्टर घालावे लागले. ते दर आठवड्याला काढून, पाऊल आणखी थोडे वर वळवून, पुन्हा घालायचे. पायाच्या दुखण्यापेक्षा त्याला सहन झाला नाही तो प्लास्टर कापणाऱ्या करवतीचा आवाज. पहिल्या वेळी आम्ही त्याला दोन्ही बाजूंनी धरून ठेवले. ते दृश्य आमच्या मनातून जात नाही. दुसऱ्या वेळेपासून बाईंनी करवत वगळली. कोमट पाण्यात पाय बुडवून आम्ही ती पट्टी वेढ्यावेढ्याने उलगडू लागलो. तास-दीड तास लागे. तो पाण्याकडे पाहत शांत बसे.

आता तो अकरा वर्षांचा आहे. उकिडवा बसून तासन्‌तास गोट्यांच्या ओळी लावतो. आनंदात असला की अजून चवड्यांवर येतो. पूर्वी आम्ही त्याला दिवसातून पन्नासदा "टाच!" म्हणून टोकत असू; पोटऱ्या मोकळ्या आहेत असे बाईंनी सांगितल्यापासून ते सोडले आहे. तो फार थोडे बोलतो. परवा आमच्यातील एकजण वरच्या फळीवरचा शब्दकोश काढण्यासाठी चवड्यांवर उभे असता मागून स्पष्ट आवाज आला,

"टाच!"