शंभरची गोळी

अम्मीला थायरॉईडचा त्रास आहे. गेली नऊ वर्षं ती रोज पहाटे उपाशीपोटी पन्नासची एक गोळी घेते. पन्नास म्हणजे पन्नास मायक्रोग्रॅम. एका मिलिग्रॅमचे हजार भाग केले तर त्यातले पन्नास. एवढ्याशा औषधावर तिची झोप, वजन, हृदयाचे ठोके सगळं अवलंबून आहे, हे मला गेल्या वर्षीपर्यंत नीट कळलं नव्हतं.

रमजानच्या महिनाभर आधी मी आमच्या मोहल्ल्यातल्या मेडिकलमधून तिची बाटली आणली. दुकानदाराला सगळे अण्णा म्हणतात. ते म्हणाले, "पन्नासची आली नाही. शंभरची न्या, अर्धी अर्धी द्या अम्मींना. तेच औषध आहे, आणि स्वस्त पडेल." मलाही ते पटलं. घरी आलो तेव्हा अम्मी स्वयंपाकघरात होती, कुकरच्या शिट्ट्या चालू होत्या. मी म्हणालो, "अम्मी, ही अर्धीच घ्यायची." ती "हां हां" म्हणाली. पण जुनी बाटली संपायला अजून पंधरा दिवस होते. त्या पंधरा दिवसांत तीही विसरली, मीही विसरलो. अम्मी उर्दू वाचते, बाटलीवरचं इंग्रजी तिला येत नाही. तिच्या हिशेबात गोळी म्हणजे एक गोळी.

रमजानमध्ये तर ती फारच काटेकोर. गोळी आणि खाणं यांत अंतर हवं म्हणून सहेरीच्या अर्धा तास आधी उठायची. चुकीचं औषध तिने इतक्या शिस्तीने घेतलं, की एकही दिवस चुकला नाही.

दुसऱ्या अशऱ्यात तिचे हात थरथरायला लागले. तस्बीह हातातून निसटायची. रात्रभर झोप नाही, छातीत धडधड, अंगाला घाम. आम्ही काळजीने विचारलं तर म्हणायची, "कुछ नै रे, रोजे हैं." आम्हालाही तेच वाटलं. ऊन कडक, वय अडुसष्ट. ईदच्या दिवशी नवा कुर्ता तिच्या अंगावर लोंबत होता आणि पाहुणे म्हणत होते, रोज्यांनी अम्मी किती हलक्या झाल्या.

ईदनंतर तिला मिरजेला डॉक्टरांकडे नेलं. नाडी एकशे बारा. रक्ताच्या तपासणीत टीएसएच पार तळाला गेलेला. डॉक्टरांनी विचारलं, "डोस कोणी वाढवला?" मी म्हणालो, कोणीच नाही. ते म्हणाले, "बाटली आणलीय का?" बाटली पिशवीतच होती. त्यांनी ती माझ्यासमोर ठेवली आणि आकड्यावर बोट ठेवलं.

चिठ्ठीवर पन्नास, पोटात शंभर. डॉक्टरांनी बाटली मागितली नसती तर त्यांनी कागदावरचा आकडा बघून डोस पंचवीसवर आणला असता, आणि पुढच्या वेळी पुन्हा सगळं उलटं झालं असतं. या वयात हे औषध जास्त झालं तर ठोके अनियमित होऊ शकतात, हाडं ठिसूळ होतात. त्यांनी ईसीजी काढला. तो ठीक निघाला, अल्हम्दुलिल्लाह.

चूक कुणाची? माझी आहेच, मी धावतपळत सांगितलं. पण ती चूक घडायला जागा काउंटरवर तयार झाली. डॉक्टरांनी ठरवलेला एक साधा आकडा अण्णांनी बदलला आणि त्याचा हिशेब एका म्हातारीच्या आठवणीवर सोपवला. ज्यांनी आकडा ठरवला होता, त्यांनाच त्याची खबर नव्हती. शेड्यूल एचच्या औषधांबाबत तर कायद्यातच आहे, की चिठ्ठीत लिहिलेल्याच्या जागी दुकानदाराने दुसरं देऊ नये. शिवाय प्रत्येक गोळी अर्धी करता येत नाही. साखरेच्या, बीपीच्या काही गोळ्या पोटात हळूहळू विरघळाव्यात अशा बनवलेल्या असतात. त्या तोडल्या की दिवसभराचं औषध एकदम अंगात जाऊ शकतं.

अण्णांकडे जाणं मला जड गेलं. लॉकडाऊनमध्ये याच माणसाने आमच्या दारात औषधं आणून दिली होती, तीही उधारीवर. मी सगळं सांगितलं. ते आधी म्हणाले, "असं रोजच चालतं. तुम्हाला हात हलवत परत पाठवू का? आणि डॉक्टर फोन उचलतात का?" त्यांचंही खोटं नव्हतं. मग मी अम्मीचा रिपोर्ट दाखवला. ते बराच वेळ तो बघत राहिले.

आपण अमानत म्हटलं की पैसा, दागिने आठवतो. डॉक्टरांची चिठ्ठीही अमानतच आहे. ती जशी आली तशी पोचवायची, बदलायची असेल तर ज्याची आहे त्याला विचारून.

गेल्या महिन्यात पुन्हा पन्नासची आली नव्हती. अण्णांनी मला थांबवून ठेवलं आणि मिरजेला फोन लावला. तिसऱ्या वेळी उचलला गेला. डॉक्टर म्हणाले, पंचवीसच्या दोन चालतील. अण्णांनी ते चिठ्ठीच्या मागे लिहिलं, बाटलीवर मार्करने मोठे दोन ठिपके काढले. सगळं मिळून दहा मिनिटं लागली.

घरी आलो तर अम्मीने बाटली हातात घेतली, ठिपके बघितले आणि विचारलं, "कितने की है?" आता ती दर वेळी विचारते.