एकोणीस एकांची संख्या

निवृत्तीनंतर बोरी अरबला येऊन राहिलों, त्याला आतां कांहीं वर्षें झालीं. परवां जुनी ट्रंक उपसतांना एका विद्यार्थ्याची गणिताची वही हातीं लागली, आणि दुपारची झोप गेली ती गेलीच.

त्या वर्षीं वर्गांत मी देवळालीचे शाळामास्तर दत्तात्रय रामचंद्र कापरेकर (१९०५–१९८६) यांच्या डेमलो संख्यांविषयीं सांगत होतों. हें नांव त्यांनीं जी. आय. पी. रेल्वेच्या एका स्थानकावरून घेतलें. ११ चा वर्ग १२१, १११ चा १२३२१. नऊ एकांपर्यंत आंकडे असे डोंगर चढतात व उतरतात. मुलें खूष झालीं. त्या भरांत मीं ठोकून दिलें कीं, नुसत्या एकांच्या संख्यांत ११ हीच काय ती मूळसंख्या. पुढच्या साऱ्या फुटतात. पुरावा म्हणून फळ्यावर मांडलें: १११ म्हणजे ३ × ३७, ११११ म्हणजे ११ × १०१, ११,१११ म्हणजे ४१ × २७१.

"गुरुजी, सगळ्याच फुटतात हें कशावरून?" मागच्या बांकावरून एका शेतकऱ्याच्या मुलानें विचारलें. मीं त्याला खालीं बसविलें. आठवड्यानें त्याच्या वहींत पानेंच्या पानें भागाकार दिसले. भाज्य एकच, १९ एक! कागद नासल्याबद्दल चार शब्द सुनावून मीं वही काढून घेतली.

वाचकहो, १९ एकांची ती संख्या मूळसंख्याच आहे. एकांची गणती विभाज्य असेल तर संख्या हटकून फुटते. ६ एकांना ११ नें व १११ नें भाग जातो. गणती मूळ असली तरी भरंवसा नाहीं. ७ एक म्हणजे २३९ × ४६४९. परंतु १९ एक टिकतात, २३ टिकतात, मग एकदम ३१७ आणि १०३१. भास्कराचार्यांनीं लीलावतींत परार्धापर्यंत १८ स्थानांचीं नांवें दिलीं. या संख्येला तींहि अपुरीं पडतात.

मुलाचें धाडस केवढें होतें तें आतां कळतें. भाजक शोधायचा तर सुमारें १०५ कोटींपर्यंत जावें लागतें. ३८ नें भागून १ बाकी राहील असेच भाजक, म्हणजे १९१, २२९ वगैरे, तपासले तरी पुरतें, ही युक्ति त्याला ठाऊक नव्हती. मीं तरी कोठें सांगितली होती? ती मला स्वतःलाच निवृत्तीनंतर समजली.

तो आतां कापूस पिकवितो. बाजारांत भेटला तेव्हां त्याच्याच बियाण्याच्या पावतीमागें १९ एक लिहून मीं म्हणालों, "बाबा रे, ही फुटत नाहीं. चूक माझी होती."

त्यानें पावती बराच वेळ न्याहाळली. मग हंसून म्हणाला, "गुरुजी, १९९ परयंत गेलो होतो. पुढं वही तुमच्यापाशीच राहिली."