शितावरून भाताची परीक्षा

आमच्या गावच्या सार्वजनिक वाचनालयातर्फे दर वर्षी कथास्पर्धा होते. तिचा कार्यवाह या नात्याने गेली ११ वर्षे मी गावातल्या निम्म्या साहित्यिकांचा रोष पदरात घेत आलो आहे. उरलेल्या निम्म्यांचा माझ्यावर रोष नाही, कारण त्यांनी अजून कथा पाठवलेली नाही!

कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या माणसाला गाव दोन कामे हक्काने सांगते. एक, लग्नपत्रिकेतले ऱ्हस्वदीर्घ तपासणे आणि दुसरे, असल्या स्पर्धा चालवणे. पहिल्या कामात निदान जेवण तरी मिळते.

१९०९ साली काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी माणूस फराळाबरोबर कथाही मागू लागला आणि वाचता वाचता लिहूही लागला. त्या लिहिणाऱ्यांपैकी बरेच जण आमच्याच तालुक्यात राहत असावेत, असा मला दाट संशय आहे. स्पर्धेचा खर्च एका दिवंगत वकिलांच्या मुलांनी बँकेत ठेवलेल्या ठेवीच्या व्याजातून चालतो. व्याजाचा दर उतरला की आमचे पहिले बक्षीसही अंग चोरते. नियम साधे : कथा अप्रकाशित हवी, ३००० शब्दांच्या आत हवी, नाव-पत्ता वेगळ्या कागदावर हवा. मी प्रत्येक कथेवर क्रमांक घालतो आणि नावांचे कागद वाचनालयाच्या कपाटात कुलूपबंद करतो. पहिली चाळणी माझी. तिच्यातून राहिलेल्या पंधरा-वीस कथा बाहेरगावच्या दोन परीक्षकांकडे जातात.

या चाळणीचीच गोष्ट सांगायची आहे. साल २०१८. त्या वर्षी कथा आल्या १४०, आणि त्याच आठवड्यात कॉलेजच्या उत्तरपत्रिकांचे गठ्ठे घरी येऊन पडले. जेवणाच्या टेबलावर डावीकडे कथा, उजवीकडे उत्तरपत्रिका. उत्तरपत्रिका तपासणाऱ्याची एक सवय असते. पहिले पान वाचायचे, मधली भराभर उलटायची आणि शेवटच्या पानावर थांबायचे. हात एकदा त्या चालीला लागला की समोर काय आहे याचे त्याला भान राहत नाही.

"अहो, तुम्ही कथा वाचताय की पेपर तपासताय?" सौ.ने विचारले.

"शितावरून भाताची परीक्षा होते," मी ऐटीत म्हणालो.

निकाल लागला. समारंभ झाला. शाल-नारळ झाले. ज्यांनी तिकिटे लावलेले पाकीट सोबत पाठवले होते, त्यांच्या कथा साभार परत गेल्या. आणि आठ दिवसांनी त्यांतली एक कथा माझ्याकडे परत आली. सोबत चिठ्ठी होती. अक्षर वळणदार, मजकूर चार ओळींचा : 'सप्रेम नमस्कार. सोबतच्या कथेतली ७ व ८ ही पाने मी कडेला भाताच्या एका शिताने चिकटवली होती. ती तशीच परत आली आहेत. बक्षिसाबद्दल तक्रार नाही. कळावे.'

मी कथा खिडकीशी नेली. पाने खरोखरच चिकटलेली होती. माझ्या म्हणीतले शीत माझ्याच हातात वाळून बसले होते.

वर्गात मी 'सत्यकथे'बद्दल तासन्‌तास बोलतो. ते मासिक १९८२ साली बंद पडले. पण राम पटवर्धन लेखकांना कथेतल्या उणिवा दाखवणारी केवढी पत्रे लिहीत, हे सांगताना माझा गळा भरून येतो. तोच मी!

सुरीच्या टोकाने पाने सोडवली आणि कथा पहिल्यापासून वाचली. सुरुवातीची दोन पाने सूर्योदयाची. ती वाचूनच मी हिला बाजूला सारले असणार. पुढे एका पोस्टमनची हकिगत होती. निरक्षर म्हातारीला तिच्या मुलाची पत्रे वाचून दाखवणारा पोस्टमन, पत्रे यायची थांबल्यावर कोऱ्या कागदावरून मनाचेच वाचू लागतो. हे आपण पुष्कळदा वाचले आहे. पण सातव्या पानावर म्हातारी एक जुना कागद पुढे करते आणि म्हणते, "हे पुन्हा वाच." आपण तेव्हा काय वाचले होते, ते त्याला आठवत नाही. तो अडखळतो. मग आठव्या पानावर म्हातारीच ते पत्र, शब्द न चुकता, त्याला म्हणून दाखवते.

चिकटवायला त्यांनी नेमकी हीच पाने का निवडली, ते मला तेव्हा कळले. पुढचा शेवट पसरट होता. बक्षीस मिळालेच असते असे नाही. पण ही कथा चाळणीतून खाली पडायला नको होती. ती पाडली होती मी.

वाचनालयाच्या अध्यक्षांना सांगितले, तर ते म्हणाले, "आता बोभाटा नको." मी रविवारची एस.टी. पकडून त्या गृहस्थांच्या गावी गेलो. टपालखात्यातून निवृत्त झालेले, सत्तरीचे. मी न वाचल्याचे कबूल केले. त्यांनी आधी चहा दिला.

"सर," ते म्हणाले, "चुकीचा निकाल मी सोसला असता. आमच्या नोकरीत कितीतरी पत्रं चुकीच्या पत्त्यावर गेली. पण ती गेली तरी! थैलीच उघडली नाही, तर त्याला काय म्हणायचं?"

मला उत्तर सुचले नाही.

२०१९ पासून आमच्याकडे प्रत्येक कथा दोघे जण शेवटपर्यंत वाचतात आणि प्रत्येक लेखकाला दोन ओळींचा अभिप्राय जातो. निकाल महिनाभर लांबतो, समिती कुरकुरते. २०२१ साली बहुतेक कथा करोनाच्या होत्या. खाट, प्राणवायू, न भेटलेला बाप. त्या शेवटपर्यंत वाचणे जड गेले. पण त्यांतली एकही पहिल्या पानावर ठेवून द्यावी असे वाटले नाही.

ते गृहस्थ दर वर्षी कथा पाठवतात. नावाचा कागद कपाटात असला, तरी ते अक्षर मला ओळखता येते. म्हणून त्यांच्या कथेला गुण मी देत नाही, नुसती वाचतो. यंदाचीही आली. पाकीट उघडून मी आधी पानांच्या कडेवरून अंगठा फिरवला. सगळी पाने सुटी! म्हणजे त्यांचा माझ्यावर विश्वास बसला, की त्यांनी दुसरी एखादी युक्ती काढली?

"विचारा की त्यांना," सौ. म्हणाली.

मी विचारलेले नाही. निम्म्याहून अधिक कथा आता ई-मेलने येतात आणि त्यांना शीत लावायची सोयच नाही. त्या वाचल्या की नाही, हे माझ्याखेरीज कोणाला कळायचे? काल रात्री त्यांतल्याच एकीच्या चौथ्या पानावर मला जांभई आली. उठलो, डोळ्यांना पाणी लावले, आणि पुन्हा पहिल्या पानापासून सुरुवात केली.